कोथरूड ते खराडी: कार घ्यावी, मेट्रो धरावी की सायकल काढावी?

एका बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घर पुण्यात कोथरूडला, आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून दीडेक किलोमीटर आत. नोकरी बदलल्यामुळे बाईंचं ऑफिस शिवाजीनगरहून थेट खराडीला गेलं, म्हणजे एका वेळचे सतराएक किलोमीटर. मिस्टरांचं ऑफिस शिवाजीनगरलाच, घरापासून सहा किलोमीटर. मुलगी दुसरीत, शाळा पौड रस्त्याच्या पलीकडे. घरात एक स्कूटर आणि बाल्कनीत धूळ खात पडलेली गियरची सायकल. नऊ लाखांपर्यंतची कार घ्यावी, मेट्रोने जावं, की सायकलचं मनावर घ्यावं, असं त्या विचारतात.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. कार निदान या कामासाठी घेऊ नका. स्कूटर तुम्ही घ्या, पण ती शाळा आणि मेट्रो स्टेशनपर्यंतच. पुढे मेट्रो. आणि सायकल तुमच्या मिस्टरांना द्या. प्रश्न तुम्ही स्वतःच्या प्रवासापुरता विचारलात. सायकलीवर सहज बसेल असा प्रवास घरात एकच आहे आणि तो त्यांचा आहे.

वाहतूक नियोजनात बरीच वर्षं काढली. चौकाचौकांत उभं राहून गाड्या मोजण्यापासून मार्ग आखण्यापर्यंत सगळं करून झालं. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक मधल्या मोठ्या टप्प्याची तुलना करत बसतात: कारने इतका वेळ, मेट्रोने तितका. निर्णय मात्र फिरतो दोन टोकांवर. घरातून निघून वाहनात बसेपर्यंत काय होतं आणि उतरल्यावर टेबलापर्यंत पोचताना काय होतं, त्यावर माणूस तिसऱ्या महिन्यातही तेच वाहन वापरतोय की नाही हे ठरतं.

मधल्या टप्प्याचं आधी उरकू. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक वाहतूक निर्देशांकात पुण्याचा क्रमांक चौथा होता: दहा किलोमीटर कापायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर, आणि तीही वर्षभराची सरासरी. सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सातला याहून कमीच धरा. तुमच्या सतरा किलोमीटरला कारने चांगल्या दिवशी पंचावन्न मिनिटं, एरवी सव्वा तास, आणि येरवड्याच्या अलीकडे एखादी बस बंद पडली की किती ते कुणी सांगू नये. नदी ओलांडायला पूल मोजकेच आहेत. कुठल्याही गल्लीबोळातून गेलात तरी पुलावर सगळे एकत्र येतात, म्हणून गूगल मॅपच्या निळ्या रेषेतला शॉर्टकट बंडगार्डनपाशी संपतो.

मेट्रोचा वनाज ते रामवाडी मार्ग तुमच्या सुदैवाने अंतराचा मोठा भाग झाकतो. २०२२ च्या मार्चमध्ये तो वनाज ते गरवारे कॉलेज एवढाच होता, ऑगस्ट २०२३ मध्ये रूबी हॉलपर्यंत गेला आणि मार्च २०२४ मध्ये रामवाडीला पोचला. आयडियल कॉलनीहून रामवाडी साधारण अर्धा तास. त्यात जिना, सुरक्षा तपासणी आणि गाडीची वाट मिळून दहा मिनिटं धरा. घर ते स्टेशन आठ-दहा मिनिटं, रामवाडी ते ऑफिस वीस-पंचवीस. बेरीज सव्वा तासाच्या आतबाहेर.

मग फरक काय पडला? कारलाही सव्वा तास, इथेही सव्वा तास. फरक वाईट दिवसाचा. कारचा सव्वा तास हा कधी पंचावन्न मिनिटं असतो तर कधी पावणेदोन तास. मेट्रोचा सव्वा तास वाईट दिवशीही दीडच्या पुढे सहसा जात नाही. साडेनवाची मीटिंग गाठायची तर कारवाल्याला रोजच वाईट दिवस गृहीत धरून निघावं लागतं. म्हणून सरासरी वेळेची तुलना करू नका. महिन्याच्या वीस-बावीस दिवसांतला सर्वांत वाईट दिवस दोन्हींकडचा घ्या आणि ते दोन आकडे शेजारी ठेवा. शिवाय मेट्रोतला अर्धा तास तुमचा असतो, डुलकी काढा नाहीतर फोन वाचा. क्लचवर पाय ठेवून काढलेला अर्धा तास कुणाचाच नसतो.

आता रामवाडी. तुमचा सगळा बेत इथे तरेल किंवा बुडेल, म्हणून जरा सविस्तर.

स्टेशनचा जिना उतरलात की नगर रस्ता समोर. खराडीचं आयटी पार्क तिथून पाच-सहा किलोमीटर. खाली उतरल्यावर तीन गोष्टींपैकी एक होते. पीएमपीची बस मिळते, शेअर रिक्षा मिळते, किंवा यांपैकी काही नाही म्हणून तुम्ही रिक्षा एकट्याने करता. तिसऱ्याचा हिशेब करून पाहा. पुण्यात रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरचे २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. साडेपाच किलोमीटरचे ९३ झाले. मेट्रोचं तिकीट तीसच्या घरात आणि त्यानंतरच्या तुकड्याला त्याच्या तिप्पट. दोन्ही वेळा असं केलंत तर दिवसाला अडीचशे आणि महिन्याला साडेपाच हजारांच्या आसपास. 'मेट्रो स्वस्त असते' म्हणून सुरुवात केलेली बरीच मंडळी चौथ्या आठवड्यात पुन्हा स्कूटरवर दिसतात, त्यांतल्या निम्म्यांचं कारण हे असतं.

बसचं गणित वेगळं. जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि दहापर्यंत २० रुपये आहे, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. प्रश्न वाट पाहण्याचा आहे. वेळापत्रकात दर वीस मिनिटांनी बस लिहिली असेल तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल, असं वाटतं. पण कोंडीत सापडलेली बस मागे पडते, मागची तिला गाठते आणि दोघी एकापाठोपाठ एक येतात. मग पुढची चाळीस मिनिटांनी. कागदावर तासाला बसगाड्या तेवढ्याच, तुमचं थांबणं मात्र सरासरी वीस मिनिटांवर गेलं. आणि थांब्यावर उभं राहून काढलेलं एक मिनिट माणसाला बसमध्ये बसून काढलेल्या दीड-दोन मिनिटांएवढं जड जातं. आमच्या हिशेबात ते तसंच धरतात. म्हणून थांब्यावर उभं राहताना एका ठरावीक नंबरच्या बसवर डोळा ठेवू नका. खराडीकडे जाणाऱ्या सगळ्या बस कुठे थांबतात ते बघा आणि जी पहिली येईल ती पकडा. चार मार्गांच्या वीस-वीस मिनिटांच्या बस एकाच थांब्यावर येत असतील तर तुम्हाला पाच मिनिटांची सेवा मिळाल्यासारखंच आहे.

आणखी एक करा. ऑफिसात रुजू होताना एचआरला विचारा की रामवाडी स्टेशनपर्यंत कंपनीची किंवा आयटी पार्कची गाडी आहे का. नसेल तर किती जण मेट्रोने येतात ते विचारा. तिघं जमली की एक रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवता येतो. पुण्यात शाळेच्या मुलांसाठी रिक्षाकाका वर्षानुवर्षं हेच करत आलेत, मोठ्यांनी का करू नये? तीन जणांत ९३ वाटले तर माणशी ३१ होतात आणि वाट बघणं संपतं.

घडीच्या सायकलचा पर्यायही आहे. मेट्रोत सायकल नेता येते, पण सकाळी नऊच्या गर्दीत पूर्ण आकाराची सायकल घेऊन चढणं म्हणजे वीस जणांच्या शिव्या खाणं. घडी घातली की ती मोठ्या बॅगेसारखी पायाशी राहते. वजन बारा-चौदा किलो असतं, लिफ्ट बंद असली तर तेवढं उचलायची तयारी हवी. रामवाडीहून नगर रस्ता टाळून वडगाव शेरीच्या आतल्या रस्त्यांनी खराडीत शिरता येतं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मला हा पर्याय आवडतो, पण पहिल्या दिवसापासून सुचवणार नाही. आधी दोन-तीन महिने मेट्रो अंगवळणी पडू दे.

पैशांचा हिशेब मांडतो, कारण कारच्या बाबतीत लोक फक्त पेट्रोल मोजतात. रोजचे ३४ किलोमीटर, शहरात लिटरला बारा, पेट्रोल लिटरला १०४ च्या आसपास: महिन्याच्या बावीस दिवसांचे साडेसहा हजार. नऊ लाखांची गाडी आठ वर्षांनी अडीच लाखांना विकली गेली तर महिन्याला पावणेसात हजारांची घट. सात लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंत तर व्याज पावणेदोन लाखांच्या जवळ जातं. आठ वर्षांवर पसरलं तरी महिन्याला अठराशे. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंगमधले ओरखडे मिळून तीन हजार. एकूण अठरा हजार. ऑफिसच्या एका दिवसाचे आठशे रुपये झाले. मेट्रो आणि बस मिळून दिवसाचे ८० ते १०० होतात. महिन्यातून चार दिवस कंटाळा आला, पाऊस कोसळला, मुलीला ताप आला म्हणून पाचशे-पाचशेची कॅब केली तरी सगळा खर्च साडेचार हजारांच्या आत राहतो.

कार आधीच दारात उभी असती तर हा हिशेब बदलला असता. तेव्हा घट आणि व्याज बाजूला ठेवून फक्त पेट्रोल आणि पार्किंग मोजलं असतं, आणि तेव्हा तुम्ही रोज कारनेच गेला असतात. हाच त्यातला चकवा. एकदा घेतली की ती रोज बाहेर काढायला स्वस्त वाटते. शनिवार-रविवारसाठी, आईवडिलांना डॉक्टरकडे न्यायला, गावी जायला कार हवी असेल तर जरूर घ्या, पण त्या कारणासाठी म्हणून घ्या आणि त्या वापराला जेवढी पुरेल तेवढीच घ्या. खराडीच्या नावावर नऊ लाख खर्च करू नका.

तुम्ही न विचारलेला चौथा पर्याय म्हणजे सगळा रस्ता स्कूटरने. पुण्यातल्या बहुतेकांनी तोच निवडलाय, आणि वेळेच्या बाबतीत ते बरोबर आहेत. सतरा किलोमीटरला पन्नास-पंचावन्न मिनिटं, दारापासून दारापर्यंत. लिटरला पंचेचाळीस धरले तर पेट्रोलचे महिन्याला सतराशे. मेट्रो आणि बस याच्या पुढे ना वेळेत जातात ना पैशांत, हे सरळ मान्य करायला हवं. शहराने बससेवेकडे दुर्लक्ष केलं की लोक स्कूटर घेतात आणि स्कूटरींनी रस्ता भरला की बस आणखी रखडते, हे पुण्यात दोन पिढ्या चाललंय. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसरवर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, आली तेव्हा यावर उतारा सापडला असं वाटलं होतं. पुढे नगर रस्त्यावरच्या मार्गिका काढून टाकल्या. त्या असत्या तर रामवाडी ते खराडीचा तुकडा आज एवढा नडला नसता. असो.

तरीही रोज ३४ किलोमीटर स्कूटर मी सुचवत नाही, कारण एकच. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. कोथरूडमधल्या आतल्या रस्त्यांवरची दोन-तीन किलोमीटर स्कूटर वेगळी आणि नगर रस्त्यावर डंपर, खाजगी बस यांच्या मधून जाणारी स्कूटर वेगळी. त्यात पाऊस, त्यात परतीचा अंधार. गेलातच कधी तर हेल्मेट पट्टा लावून घाला, आरशाला अडकवून नको.

आता मिस्टरांची सायकल. कोथरूड ते शिवाजीनगर सहा किलोमीटर. स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटं, कारने पार्किंगसह अर्ध्या तासाच्या पुढे, सायकलने पंचवीस ते तीस. माझा अंदाजाचा नियम असा: सात किलोमीटरपर्यंत साधी सायकल, दहा-बारापर्यंत बॅटरीची, त्यापुढे सायकल फक्त स्टेशन गाठायला. तुम्ही स्वतः खराडीपर्यंत सायकलने जायचा विचार डोक्यातून काढून टाका. रोज चौतीस किलोमीटर करणारे लोक आहेत, पण ते आधी सायकलस्वार असतात आणि मग नोकरदार.

कोथरूडचं एक वैशिष्ट्य सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. चांदणी चौकाकडून नदीकडे उतार आहे. सकाळी डेक्कनकडे जाताना सायकल जवळजवळ आपोआप पळते, घाम येत नाही. संध्याकाळी येताना तोच उतार चढ होतो, पण तेव्हा घरीच यायचं असतं, घाम आला तर आला. ऑफिसला जाणाऱ्या सायकलवाल्याला याहून सोयीचा भूगोल मिळणं कठीण. उलट्या दिशेने असता तर मी ऑफिसात अंघोळीची सोय आहे का, हे पहिलं विचारलं असतं.

सायकल आधीच घरात आहे, तेव्हा नवी घेऊ नका. ती उतरवून दुकानात न्या आणि चार गोष्टी करून घ्या. ब्रेकच्या केबल आणि रबर बदला, टायरला बाजूने तडे गेले असतील तर टायर-ट्यूब बदला, चेन साफ करून तेल द्या, आणि पुढे-मागे पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवा. गियरच्या सायकलींना मडगार्ड बहुतेक नसतातच, आणि जूनच्या पहिल्या सरीत मागच्या चाकाचा चिखल शर्टाच्या पाठीवर सरळ पट्टा काढतो. बऱ्याच जणांची सायकल तिथेच सुटते. लॅपटॉप पाठीवर घेऊ नका. मागे कॅरियर लावा आणि बॅग त्याच्या बाजूला टांगा, पाठ कोरडी राहते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पावसात साचलेल्या पाण्यातून कधी जायचं नाही, खाली खड्डा आहे की उघडं चेंबर हे दिसत नाही. जोराच्या पावसात सायकल घरी ठेवून सरळ मेट्रो पकडावी: आयडियल कॉलनीहून जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) आणि तिथे मार्ग बदलून एक स्टेशन शिवाजीनगर. जिल्हा न्यायालय स्टेशनला दुसरा मार्ग खोल भुयारात आहे, त्यामुळे बदलायला पाचेक मिनिटं धरावीत.

धुराचं काय, असं हमखास विचारतात. यावर २०१६ मध्ये एक अभ्यास झाला. हवेत सूक्ष्म धूलिकणांचं प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बरंच वाईट, असतानाही रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्यापेक्षा जास्त ठरतो, असं त्यात निघालं. तुमच्या मिस्टरांची रोजची सायकल तासाभराची. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांवरच्या २०१७ च्या पाहणीत सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. अशा पाहण्यांत मुळात धडधाकट माणसंच सायकल निवडतात ही शंका उरतेच, पण पोट सुटलेल्या चाळिशीतल्या माणसाला एवढं पुरेसं आहे.

मुलीच्या शाळेचा मुद्दा तुम्ही शेवटी ओझरता लिहिलात, पण बायकांच्या प्रवासाचं गणित बहुधा इथेच बिघडतं. पुरुषाचा प्रवास घर ते ऑफिस एवढाच असतो. बाईच्या वाटेवर शाळा, भाजी, औषधं, क्लास असे थांबे असतात, आणि प्रत्येक थांब्यापाशी बस-मेट्रो हरते. म्हणून स्कूटर तुमच्याकडे हवी. शाळेत सोडा, तिथूनच आयडियल कॉलनी किंवा आनंदनगरपैकी जे स्टेशन जवळ पडेल आणि जिथे गाडी लावायला रोज जागा मिळते, ते धरा. परतीच्या वाटेवर भाजी स्कूटरवरच होईल. शाळेची वेळ आणि ऑफिसची वेळ यांत ओढाताण होत असेल तर एका बाजूसाठी रिक्षाकाका लावा, किंवा सोडायचं काम मिस्टरांकडे द्या. त्यांच्या ऑफिसला सहाच किलोमीटर आहेत, पाच-दहा मिनिटांचा उशीर त्यांना झेपेल.

वेळेवरून आठवलं. साडेनवाला पोचायचं ते पावणेनवाला पोचता येईल का, हे साहेबांना विचारून बघा. पाऊण तास आधी निघणं हे कुठल्याही वाहनाच्या निवडीपेक्षा जास्त वेळ वाचवतं, आणि त्याला खर्च शून्य.

काही परिस्थितींत मी बिनदिक्कत कार घ्या म्हणालो असतो. रात्रपाळी असती आणि कंपनीची गाडी नसती. ऑफिस हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात आणि घर सिंहगड रस्त्याला असतं. गुडघे जिना चढू देत नसते. एकाच दिशेला जाणारे घरातले तिघं असते, कारण अठरा हजार तिघांत वाटले की चित्र पालटतं. यांपैकी तुमचं काहीच नाही.

वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या मेट्रोच्या वाढीव टप्प्यांना केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. त्यावर आज काही ठरवू नका. मंजुरीपासून गाडी धावेपर्यंत पुण्यात किती वर्षं जातात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

रुजू व्हायच्या आधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, खऱ्या वेळेला, एकदा जाऊन या. सोमवार आणि शुक्रवार नको, त्या दिवशीची गर्दी नेहमीसारखी नसते. रामवाडीला जिना उतरल्यापासून ऑफिसच्या गेटपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा, येताना संध्याकाळी साडेसहाला पुन्हा मोजा. दोन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत असेल तर वर लिहिलेलं सगळं जमेल. चाळीसच्या पुढे गेलं तर मला पुन्हा विचारा, पण तेव्हाही कारच्या शोरूमला जायच्या आधी ऑफिसजवळचे शेअर रिक्षावाले कुठे उभे राहतात ते बघून या.